रॉक-ब्लूजच्या एलपी: किती पैसे काढून ठेवाल?

जुनी एलपी घेताना आधी ती कव्हरातून बाहेर काढा, दोन्ही तळहातांत कडेनं धरा आणि उजेडात तिरपी करा. केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर बिचकू नका; त्या बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. पण ठसठशीत चरा दिसला तर त्यावरून नख अलगद फिरवा. नख अडलं तर सुईही अडणार, आणि गाणं एकाच जागी घुटमळत राहणार. अशी रेकॉर्ड शंभर रुपयांना मिळाली तरी महागच.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर वापरलेल्या रॉक-पॉप एलपी साधारण ३०० ते १५०० रुपयांत मिळतात, घासाघीस करायचीच. यांतल्या बऱ्याचशा भारतीय प्रेसिंगच्या, कोलकात्याच्या डमडम कारखान्यातून आलेल्या असतात. चांगल्या राखलेल्या असतील तर बेलाशक घ्या. कव्हरावर पांढरट बुरशीचे ठिपके आणि ओलसर कुबट वास असेल, तर मात्र आतली तबकडीही नीट निरखा. मुंबईचा पावसाळा रेकॉर्डना मानवत नाही.

नवी, परदेशातून आलेली एलपी २,५०० ते ४,००० रुपयांना पडते. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, फ्लीटवुड मॅकचा १९७७ चा ‘रूमर्स’, पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हे पुन्हा पुन्हा छापले जाणारे अल्बम आहेत. एका दुकानात संपला तर ‘शेवटचा पीस’ म्हणून जादा पैसे मोजू नका.

ब्लूजच्या बाबतीत ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांना भुलू नका. रॉबर्ट जॉन्सननं १९३६-३७ मध्ये गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा एलपी हा प्रकारच बाजारात नव्हता. त्याच्या गाण्यांची ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ ही एलपी १९६१ मध्ये निघाली. ऐकण्यासाठीच घ्यायची तर आजची चांगली आवृत्ती पुरते. बी. बी. किंगच्या ‘लाइव्ह ॲट द रीगल’लाही हेच लागू. शिकागोतल्या त्या श्रोत्यांचा ओरडा ऐकायचा तर जुनं कव्हर नको, स्वच्छ खाचा हव्यात.

खरा खर्च यंत्राचा. बॅगेसारखे दिसणारे स्वस्त प्लेअर सात-आठ हजारांत मिळतात. मी तसाच एक घेतला होता. अशा बऱ्याच प्लेअरांमध्ये सुईचा दाब पाच ग्रॅमांच्या आसपास असतो; चांगल्या टर्नटेबलवर तो दोन-तीन ग्रॅम पुरतो. माझ्या दोन आवडत्या रेकॉर्डची खरखर त्या प्लेअरवर वाढत गेली आणि ती आता कशानंच जाणार नाही. म्हणून सुरुवातीलाच टर्नटेबलसाठी १५,००० आणि स्पीकरसाठी १०,००० रुपये बाजूला ठेवा. त्यात पाच जुन्या एलपी सरासरी ७००च्या भावानं आणि एक नवी ३,००० ची धरली, की बेरीज ३१,५०० होते.

पुढचा खर्च सुईचा. ती साधारण ५०० तास चालते. चाळीस मिनिटांचा अल्बम रोज एकदा लावलात तर दोन वर्षं. दोन हजारांची सुई धरली तर एका अल्बममागे तीन रुपयेही पडत नाहीत. तेव्हा बदलायला चालढकल करू नका, झिजलेली सुई खाचा ओरबाडते. धुळीसाठी मऊ ब्रश हवा. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. घरात आजोबांच्या ७८ वेगाच्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

एवढा खर्च जमत नसेल तर जुन्या सीडी घ्या. गाणं तेच आहे. आणि जुनी एलपी घेताना दुकानदाराला दोन्ही बाजू थोड्या थोड्या लावून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला, तर रेकॉर्ड परत ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.