थ्रेड डायलचा गिअर: आधी दात्यांचा हिशेब

लेथवर आटे पाडताना पुढच्या कटाला हाफ नट नेमका कधी बसवायचा, हे थ्रेड डायल सांगते. दुसऱ्या लेथचा गिअर आणून बसवला तर ती चुकीचं सांगू शकते. म्हणून गिअर स्वतः करा, पण त्याचं पितळ चकात धरण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

आपला लीडस्क्रू ३० मिमी व्यासाचा, ६ मिमी पिचचा ट्रॅपेझॉइडल आहे असं धरू. हाफ नट उघडून पुन्हा बसवताना कॅरेज जेवढी सरकलेली असते, ते अंतर ६ च्याही पटीत हवं आणि पाडायच्या आट्याच्या पिचच्याही. १, १.५, २, ३ या पिचनी ६ ला पूर्ण भाग जातो, त्यामुळे एम १० ला डायल लागतच नाही; हाफ नट कुठेही बसवा. एम ८ चा पिच १.२५. त्याला ३० मिमी, म्हणजे लीडस्क्रूचे ५ आटे लागतात. एम २० च्या २.५ लाही तेवढेच. एम १२ च्या १.७५ ला ४२ मिमी, म्हणजे ७ आटे. म्हणून गिअर दोन करा: २० दात्यांचा, डायलवर ४ खुणा, २१ दात्यांचा, ३ खुणा. एकाच गिअरमध्ये भागवायच्या नादी लागू नका. दोन्ही एकाच शाफ्टवर एकाखाली एक बसतात.

दाते गुणिले लीडस्क्रूचा पिच भागिले ३.१४१६ हा पिच वर्तुळाचा व्यास. २० दात्यांना तो ३८.२ मिमी येतो. त्यात ३ मिमी मिळवून ब्लँक ४१.२ मिमीला टर्न करा. २१ दात्यांचा ४३.१ मिमीला.

आता डिव्हायडिंग हेड. ४० ला १ प्रमाणाच्या हेडवर २० दात्यांसाठी हँडलचे दोन पूर्ण फेरे. २१ साठी एक फेरा आणि २१ भोकांच्या वर्तुळावर १९ भोकं. लीडस्क्रूच्या आट्यांना साधारण ४ अंशांचा कल आहे, तेवढाच कल देऊन खाचा पाडा, पण पूर्ण खोल नकोत. कल कोणत्या बाजूला, हे लीडस्क्रूशेजारी ब्लँक धरून आधी पाहा.

शेवटचा आकार लीडस्क्रूच्याच मापाच्या टॅपने द्या. टॅप चक आणि टेलस्टॉकच्या मध्ये धरा, ब्लँक टूलपोस्टवरच्या उभ्या स्टडवर मोकळा फिरू द्या, सर्वांत कमी वेगात क्रॉस स्लाइडने हळूहळू आत न्या. खाचा आधीच मोजून पाडलेल्या असल्यामुळे दात्यांची संख्या बिघडत नाही. हे काम घाईचं नाही.

ब्रॅकेट एप्रनवर असा बसवा की काम नसताना गिअर लीडस्क्रूपासून बाजूला करता येईल. नाहीतर दाते विनाकारण झिजतात. हाफ नट बंद करून मगच खूण रेषेसमोर आणा आणि डायलचा स्क्रू आवळा. नंतर एका रॉडवर १.२५ चा नुसता ओरखडा काढून वेगवेगळ्या खुणांवर हाफ नट बसवून पाहा; टूल दर वेळी त्याच रेषेत गेलं पाहिजे.

या लीडस्क्रूवर इंची आटे पाडताना मात्र हाफ नट उघडूच नका. टूल बाहेर काढा आणि मोटर उलटी फिरवून मागे या.