जुन्या डेस्कटॉपवर गेम अडखळतात. आधी काय बदलू?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपला इंटेल कोअर आय५-४५७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. गेमसाठी आधी काय बदलू?

उत्तर : ग्राफिक्स कार्ड. पण त्याआधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. ऑफिससाठी बनवलेल्या पीसीत तो बेताचाच असतो, कार्डाला द्यायची वेगळी वायरही बहुधा नसते. तसं असेल तर जीटीएक्स १६५० चं, जादा वायर न लागणारं मॉडेल घ्या. ते स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवरच चालतं. कॅबिनेट अरुंद असेल तर लो-प्रोफाइलच बसेल. आरएक्स ६४०० नवं आहे, तरी तुम्ही घेऊ नका. ते चारच लेन वापरतं, आणि तुमच्या प्रोसेसरची पीसीआय एक्स्प्रेस ३.० असल्याने त्याचा वेग घटतो.

रॅम डीडीआर३ च लागेल. ८ जीबीच्या दोन पट्ट्या जोडीने लावा. एसएसडीने गेम लवकर उघडेल, फ्रेम फारशा वाढणार नाहीत.

याहून जास्त खर्च मात्र करू नका. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. उरलेले पैसे नव्या मदरबोर्डसाठी ठेवा; एसएसडी त्यावरही चालेल.