आयफोनचे फोटो अर्जाला का चालत नाहीत?

प्रश्न : मुलीच्या प्रवेश अर्जासाठी आयफोनवर काढलेला फोटो संकेतस्थळ स्वीकारत नाही. फाइलच्या नावापुढे ‘एचईआयसी’ दिसते. नाव बदलून ‘जेपीजी’ केले, तरी उपयोग नाही. काय करावे?

उत्तर : नाव बदलल्याने फाइलचा आतला साचा बदलत नाही, म्हणून ती नाकारली जाते. 2017 मध्ये आयओएस 11 आल्यापासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवू लागला. त्याने जागा जवळजवळ निम्मी लागते, पण अनेक सरकारी आणि शैक्षणिक संकेतस्थळे अजून जेपीजीच मागतात.

फोनवरच रूपांतर होते. फोटो शेअर करताना ‘सेव्ह टू फाइल्स’ निवडा. मग फाइल्स अॅपमध्ये तो दाबून धरा, ‘क्विक अॅक्शन्स’मधून ‘कन्व्हर्ट इमेज’वर जा आणि जेपीईजी (म्हणजेच जेपीजी) निवडा. ही सोय आयओएस 16 पासून आहे. मॅकवर प्रीव्ह्यूमधल्या ‘एक्स्पोर्ट’ने हेच होते.

कृपया फुकट रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर मुलीचा फोटो किंवा आधार कार्ड चढवू नका. तो फोटो पुढे कुठे राहतो, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय फोटोत तो काढल्याचे ठिकाणही नोंदलेले असू शकते.

पुढचे फोटो थेट जेपीजीत हवे असतील, तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. मी मात्र हे सरसकट सुचवत नाही, कारण जागा भराभर संपते. लागेल तेवढ्याच फोटोंची जेपीजी प्रत काढा, मूळ फोटो पुसू नका. जेपीजी दर वेळी नव्याने साठवताना थोडा तपशील गमावते.