अवटू ग्रंथीचे विकार : ग्रामीण रुग्णालयातील निदानाचा विचार

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात तपासण्यांची आणि शस्त्रक्रियांची संख्या दिलेली असते; त्या संख्येमागील वैद्यकीय विचार मात्र क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही अवटू ग्रंथीच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या ‘थायरॉईड’च्या तपासण्यांचा विचार करीत आहोत. हा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. या विकारांपैकी बहुतेकांवरील उपचार स्वस्त, सोपे आणि खात्रीचे आहेत. अवघड आहे ते निदान. निदान लांबले तर प्रौढ रुग्णाची उमेदीची वर्षे वाया जातात आणि नवजात बालकाची बुद्धी कायमची खुंटते.

ग्रंथी आणि तिचे नियंत्रण

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला लगटून असलेल्या या ग्रंथीचा आकार फुलपाखरासारखा असून प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारणतः १५ ते २० ग्रॅम असते. अन्नातील आयोडीन वापरून ती टी-४ (थायरॉक्झिन) आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कामाची गती या संप्रेरकांवर अवलंबून असते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. गच्चीवरील टाकीतील पाणी थोडे उतरले की घरातील जाणते माणूस मोटार सुरू करते आणि टाकी भरली की बंद करते. तसेच हे आहे. रक्तातील टी-४ कमी झाले की पीयूषिका टीएसएच हे संप्रेरक अधिक सोडते आणि टी-४ वाढले की त्याचा स्राव आवरते. विशेष म्हणजे ही देखरेख अतिशय संवेदनशील आहे. टी-४ निम्म्यावर आले, तर टीएसएच शंभरपटीपर्यंत वाढू शकते. म्हणूनच विकाराची पहिली चाहूल टीएसएचमध्ये लागते. प्रौढांमध्ये त्याची सर्वसाधारण मर्यादा दर लिटरला सुमारे ०.४ ते ४ मिली-एकके मानली जाते. मात्र प्रत्येक प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार ती थोडी बदलते. त्यामुळे एका रुग्णाच्या तपासण्या शक्यतो एकाच ठिकाणी व्हाव्यात, हे उत्तम.

लक्षणे फसवी असतात

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या चाळिशीच्या स्त्रिया ‘थायरॉईड’ असा शब्द घेऊन येत नाहीत. त्या ‘अशक्तपणा’ घेऊन येतात. अंग दुखते, पाय जड वाटतात, शौचास साफ होत नाही, पाळीला रक्तस्राव जास्त होतो, इतरांपेक्षा थंडी अधिक वाजते, अशा त्यांच्या तक्रारी असतात. यांपैकी प्रत्येक तक्रारीला दुसरे कारण असू शकते, आणि खेड्यातील स्त्रीमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की बहुधा सर्व दोष त्याच्यावरच टाकला जातो. लोहाच्या गोळ्या आणि ताकदीची इंजेक्शने यांत वर्षे निघून जातात. अशा वेळी कोरडी त्वचा, घोगरा आवाज, सुजट चेहरा, मंद नाडी आणि पायाच्या घोट्याची सावकाश परतणारी प्रतिक्षिप्त क्रिया या खुणा डॉक्टरने शोधाव्या लागतात. त्यांना पैसे लागत नाहीत. थोडा वेळ लागतो.

संप्रेरक वाढल्यास चित्र उलट दिसते. खाणे चांगले असूनही वजन घटते, छातीत धडधडते, हात थरथरतात, घाम येतो. असा रुग्ण कधी क्षयरोगाच्या, तर कधी मानसिक विकाराच्या संशयाने पाठविला जातो. वयस्कर व्यक्तीत तर हृदयाचे अनियमित ठोके हे एकमेव लक्षण असू शकते.

कोणती तपासणी आणि केव्हा?

संप्रेरकांची अत्यल्प मात्रा मोजण्याचे तंत्र १९५०च्या दशकाअखेर सॉलोमन बर्सन आणि रोझॅलिन यालो यांनी विकसित केले. त्यासाठी यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पद्धतीत किरणोत्सारी द्रव्य वापरावे लागे. पुढे एलायझा आणि रासायनिक प्रकाशमापनाच्या पद्धती आल्या आणि ही तपासणी लहान रुग्णालयांच्या आवाक्यात आली.

तरीही ग्रामीण प्रयोगशाळेच्या अडचणी निराळ्या असतात. एलायझाच्या एका पट्टिकेत ९६ खाचा असतात. रुग्णांच्या नमुन्यांबरोबर प्रमाणित आणि नियंत्रक नमुनेही प्रत्येक वेळी लावावे लागतात. एकट्या रुग्णासाठी हा खर्च परवडत नाही, म्हणून नमुने साठवून एकत्र तपासावे लागतात. तोपर्यंत रक्तद्रव वेगळा करून २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो. मध्येच वीज गेली आणि नियंत्रक नमुन्याचे उत्तर मर्यादेबाहेर आले, तर ती संपूर्ण खेप रद्द करणे हेच योग्य. चुकीच्या अहवालापेक्षा उशिरा आलेला अहवाल बरा.

खर्चाच्या दृष्टीनेही क्रम महत्त्वाचा आहे. टी-३, टी-४ आणि टीएसएच या तिन्ही तपासण्या सरसकट सांगण्याची प्रथा आहे. आमच्या मते बहुतेक रुग्णांत प्रथम केवळ टीएसएच करावे. ते वाढलेले असल्यास त्याच नमुन्यातून मुक्त टी-४ पाहावे. ते घटलेले असल्यास मुक्त टी-४ आणि गरजेनुसार टी-३ पाहावे. टीएसएच किंचित वाढलेले आणि टी-४ योग्य असेल, तर लगेच जन्माची गोळी सुरू न करता दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. कित्येकदा ते आपोआप पूर्ववत होते. गर्भवती स्त्री मात्र याला अपवाद आहे. तिथे वेळ दवडता येत नाही. न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका अशा गंभीर आजारात दाखल असलेल्या रुग्णाची ही तपासणी सबळ कारणाशिवाय करू नये, कारण त्या आजारानेच आकडे बदलतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांतही काही यंत्रांवर अहवाल फसवा येतो.

आम्हाला मिळालेला एक धडा

पस्तिशीची एक शेतमजूर स्त्री अतिशय थकवा आणि वारंवार येणारी भोवळ यांसाठी आमच्याकडे येत असे. तिचे टीएसएच मर्यादेत आले आणि आम्ही केसपेपरवर ‘थायरॉईड नाही’ अशी नोंद केली. काही महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा सोबत सासूबाई होत्या. त्या सहज म्हणाल्या, “धाकट्याच्या वेळी लई रक्त गेलं हिचं. अंगावर दूध आलंच नाही, अन् पाळीबी परत आली नाही.”

या एका वाक्यात निदान होते. बाळंतपणातील अतिरक्तस्रावामुळे पीयूषिका ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होते. यास शीहान यांच्या नावाने ओळखले जाते. टाकी रिकामी आहे, पण मोटार सुरू करणारे माणूसच आजारी, अशी ही अवस्था. त्यामुळे टीएसएच वाढत नाही. ते ‘नॉर्मल’ दिसते. मुक्त टी-४ पाहिले तेव्हा ते फारच कमी निघाले, आणि कॉर्टिसॉलही कमी होते. अशा रुग्णास आधी स्टेरॉईड आणि त्यानंतरच थायरॉक्झिन द्यावे लागते. हा क्रम चुकल्यास जिवावर बेतू शकते. योग्य क्रमाने उपचार झाल्यावर ती स्त्री पुन्हा कामावर जाऊ लागली. आकडा खरा होता. आमचे वाचन अपुरे होते. तेव्हापासून थकव्याच्या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला बाळंतपणाचा इतिहास विचारण्याचा आम्ही नियम केला आहे.

गोळी सुरू झाल्यानंतर

थायरॉक्झिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचे अंतर असावे. ‘गोळी वाढवूनही टीएसएच उतरत नाही’ अशा रुग्णांत आम्हाला पुष्कळदा एकच गोष्ट आढळते : सर्व गोळ्या एकाच घोटात, चहाबरोबर घेतल्या जातात. अशा वेळी मात्रा वाढवण्याऐवजी वेळ बदलावी. रक्तातील टी-४ निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत तपासणी करून उपयोग नाही. गर्भधारणा झाल्याचे कळताच उपचार सुरू असलेल्या स्त्रीने त्वरित तपासणीस यावे, कारण तेव्हा मात्रा बहुधा वाढवावी लागते.

नवजात बालक

जन्मतः अवटू ग्रंथी नसलेले किंवा काम न करणारे मूल पहिल्या काही दिवसांत निरोगीच दिसते, कारण आईचे संप्रेरक त्याला काही काळ पुरते. रेंगाळणारी कावीळ, दूध ओढण्यातील मंदपणा, बद्धकोष्ठता, बेंबीचा हर्निया ही लक्षणे दिसेपर्यंत मौल्यवान आठवडे निघून जातात. भारतात साधारणतः हजार-बाराशे जन्मांमागे एक मूल असे असते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास मुलाची बुद्धी इतर मुलांप्रमाणेच वाढते. यासाठी जन्मतःच नाळेचे रक्त, किंवा ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान टाचेचे रक्त तपासावे. जन्मानंतर लगेच बाळाचे टीएसएच नैसर्गिकरीत्या उसळते, म्हणून मधल्या काळातील नमुना दिशाभूल करतो. बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी जाऊ इच्छिते, अशा परिस्थितीत नाळेचे रक्त अधिक सोयीचे ठरते. मात्र त्यातील आकडा २० पेक्षा अधिक आल्यास पाड्यावर निरोप पोहोचवून बाळाला परत आणणे, हाच या तपासणीचा खरा शेवट होय.

मिठाची गोष्ट

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून देशभर आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवर बंदी आहे. मीठ घरी झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवावे. खडेमीठ स्वस्त मिळाले तरी त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही. तसेच आयोडीनयुक्त मीठ खाऊनही आत्मप्रतिकारामुळे हे विकार होतात, त्यामुळे मिठाने तपासणीची गरज संपत नाही.

समारोप

थायरॉक्झिनची गोळी महाग नाही. आमच्या रुग्णाला महाग पडते ते एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि अहवालासाठी मारावा लागणारा दुसरा फेरा. म्हणून नमुना देण्याचा आणि अहवाल समजावण्याचा दिवस बाजाराच्या दिवसाशी जोडणे, अहवाल तयार होताच आशाताईंमार्फत निरोप देणे आणि प्रत्येक रुग्णाजवळ मागील आकड्यांचे कार्ड असणे, या तीन गोष्टींकडे आम्ही यंत्राइतकेच लक्ष देतो. हितचिंतकांच्या साहाय्याने प्रयोगशाळा उभी राहते. परंतु रुग्णाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय आम्हालाच जोपासावी लागेल, याची जाणीव ठेवून हा लेख संपवितो.