टॉनिकच्या बाटलीआधी

विसरायला होतंय म्हणून कुणी बुद्धिवर्धक टॉनिक आणायला निघालं, की माझं एकच सांगणं असतं. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आधी एका पिशवीत भरा आणि ती पिशवी घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. आमच्या घरात हे फार उशिरा झालं आणि त्याची झळ आईला बसली.

आई पंचाहत्तरीच्या पुढची, सांगलीला दादा-वहिनींकडे असते. सुरुवातीला माणसांची नावं अडायला लागली. मग दूधवाल्याचे पैसे दोनदा दिले जायचे, गॅसवर ठेवलेलं दूध करपायचं, सकाळी विचारलेलंच दुपारी पुन्हा विचारलं जायचं. "वय झालं आता," असं सगळेच म्हणत होते. नात्यातल्या एकांनी ब्राह्मी-शंखपुष्पीचं महागडं सिरप आणून दिलं. ते ती नेमाने घेत राहिली. एका संध्याकाळी तिने रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली, रात्री उठताना चक्कर येऊन न्हाणीघरात पडली आणि मनगटाचं हाड मोडलं.

हाताच्या निमित्ताने जे डॉक्टर भेटले, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, जेवणात काय असतं? आणि आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" जेवण शाकाहारी, त्यात दूध-दही आताशा नकोसं झालेलं. मधुमेहासाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन. जळजळीसाठी रोज पॅन्टोप्राझोल. खाजेसाठी अॅलर्जीची जुन्या पद्धतीची, गुंगी आणणारी गोळी. शिवाय कधीकाळी कुणी लिहून दिलेली आणि मग कुणीच न थांबवलेली झोपेची गोळी. रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं की साधारणपणे कमतरता धरतात. आईचं त्याहून पुष्कळ खाली होतं.

आता मागे वळून बघताना सगळे धागे जुळतात. बी-१२ भाजीपाल्यातून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येतं. मेटफॉर्मिन बराच काळ घेतलं तर बी-१२ शरीरात नीट शोषलं जात नाही. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तर तिथेही अडतं. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या तर उतारवयात थेट स्मरणावरच परिणाम करतात. इंजेक्शनं सुरू झाली, डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बदलल्या आणि काही महिन्यांत आई बरीच सावरली. सगळं पहिल्यासारखं झालं नाही, पण दूधवाल्याचा हिशेब पुन्हा तिच्याकडे आला. एक नक्की लक्षात घ्या, अशी कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. झोपेची गोळी एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

थायरॉइड कमी पडणं, नैराश्य, झोपेत श्वास अडणं, ऐकू कमी येणं, ही विसरण्याची आणखी काही कारणं. पैकी कानांकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून?

दादा मला सतत सांगायचा, "अगं, तिला हरिपाठ तोंडपाठ आहे, माहेरच्या वाड्यातल्या खोल्या सांगते, तिच्या डोक्याला काय झालंय?" हा दिलासा फार घरांत घेतला जातो आणि तो फसवा आहे. जुन्या, हजारदा उजळलेल्या गोष्टी बराच काळ टिकतात. स्मृतिभ्रंशाच्या आजारात आधी निसटतं ते नवं, काल-परवाचं. किल्ली कुठे ठेवली ते न आठवणं कुणालाही होतं. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीचे पैशाचे व्यवहार न जमणं, रोजचा स्वयंपाक करताना क्रम चुकणं, यांपैकी काही दिसलं तर वयावर ढकलू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

टॉनिकांबद्दलही स्पष्टच बोलते. गिंको या वनस्पतीच्या अर्काची स्मरणासाठी जगभर विक्री होते. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर त्याची काही वर्षं चाचणी झाली आणि २००८ साली निष्कर्ष आला, की त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही. ब्राह्मीवर काही लहान अभ्यास झाले आहेत, पण त्यांच्या जोरावर तपासणी लांबवावी इतकं बळ त्यांत नाही. मेंदूच्या खेळांची लुमॉसिटी नावाची सेवा आहे. विसरभोळेपणा रोखण्याचे दावे पुराव्याविना केले म्हणून तिच्या कंपनीला २०१६ साली अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेशी वीस लाख डॉलरला तडजोड करावी लागली. शब्दकोडं सोडवून मनाला आनंद मिळतो, तेवढ्यासाठी ते जरूर सोडवावं. कोड्यात हात बसला म्हणून औषधाची वेळ आठवू लागत नाही.

शरीराचं कारण नसेल तर मग उरतो आपला रोजचा विसराळूपणा. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे या बाबतीत थोडं अधिकाराने सांगते. पुष्कळदा आपण विसरलेलो नसतो, मुळात ती गोष्ट मनात शिरलेलीच नसते. गॅस बंद करताना डोळे मोबाइलवर असतील, तर नंतर आठवायला आत काहीच नसतं. याला माझ्याकडे साधा उपाय आहे, मोठ्याने बोलायचं. "गॅस बंद केला." "कुलूप लावलं." रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना तोंडाने, हाताने दाखवत सांगतात. रोज तोच मार्ग, तेच सिग्नल, तरीही सांगतात. ज्या कामाची सवय झाली आहे तिथेच लक्ष सुटतं, हे रेल्वेला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट मी वर्गात पाहिली आणि नंतर तिला शास्त्राचा आधार असल्याचं कळलं. मुलं धडा पुन्हा पुन्हा वाचतात आणि येतंय असं समजतात. खरं पाठांतर पुस्तक मिटल्यावर सुरू होतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. त्याआधी, १८८५ साली, एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीलाच भराभर निसटतं आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी जास्त टिकते. आपल्या जुन्या शाळांत पावकी-निमकी, दिडकी-अडीचकीचे पाढे रोज तिन्हीसांजेला न बघता, लयीत म्हटले जायचे, त्यात आठवणं आणि अंतर दोन्ही आपोआप साधत होतं.

घरातल्या गरजेला हेच लावा. लग्नात नव्या पाहुण्यांचं नाव कळलं की लगेच बोलण्यात घ्या, "कुलकर्णीकाका, तुम्ही मिरजेचेच का?" पंगतीला बसल्यावर मनात आठवा. परतताना रिक्षात एकदा, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एकदा. नाव अडलं तर लगेच कुणाला विचारू नका, गाव आठवा, ते कुणाकडून आले होते ते आठवा, मग विचारा. वाण्याची यादी जरूर लिहावी, पण दुकानात ती खिशात ठेवून आधी आठवेल तेवढं सांगावं आणि निघताना पडताळून घ्यावं.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र असलं काही करायचं नाही. औषध, गॅस, पैसे, प्रवासाची कागदपत्रं, यांत स्मरणाची परीक्षा घेऊ नये. इथे वस्तूंवरच भिस्त ठेवावी. "लिहून ठेवलं की डोकं गंजतं" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते, कारण एक जादा गोळी काय करते ते मी पाहिलं आहे. आईसाठी आता सात दिवसांचे, सकाळ-संध्याकाळचे खण असलेली डबी आहे. रविवारी दादा भरतो. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली, विषय संपला. वेळही घड्याळावर ठेवलेली नाही. "आठ वाजता" हे निसटतं, "चहाचा कप खाली ठेवला की गोळी" हे निसटत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अशा 'अमुक झालं की तमुक करीन' पद्धतीच्या संकल्पांवर पुष्कळ काम केलं आहे आणि ते उपयोगी पडतात असं त्यांना आढळलं. आमच्या आज्या पदराला गाठ मारायच्या ती याच कामाची होती. आजची गाठ म्हणजे दळणाचा डबा चपलांजवळ ठेवणं, बँकेचं पासबुक छत्रीला बांधणं. किल्लीला दारामागे खिळा ठोकावा आणि घरातल्या प्रत्येकाने तिथेच ती अडकवावी, नाहीतर खिळ्याचा उपयोग नाही.

झोप आणि चालणं यांवर मी थोडंच बोलते, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. दिवसभरातल्या आठवणी पक्क्या व्हायला झोप लागते, म्हणून जागरण करून केलेला अभ्यास बराचसा वाया जातो. आणि २०११ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात १२० वृद्धांपैकी अर्ध्यांनी वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, दमदार चालण्याचा व्यायाम केला, तर त्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आई संध्याकाळी वहिनींबरोबर गणपतीच्या देवळापर्यंत जाते.

घरच्यांना एक विनंती आहे. विसरणाऱ्या माणसाला "आत्ताच तर सांगितलं ना?", "ओळख बघू हा कोण?" असले प्रश्न चारचौघांत विचारू नका. माणूस घाबरला की येत असलेलंही अडतं आणि मग तो बोलणंच कमी करतो. पाहुणा दारात आला की आपणच म्हणावं, "आई, इचलकरंजीच्या मावशींचा नातू आला आहे." पुढचं तिचं ती बोलते. आणि रक्तचाचणीचे कागद, गोळ्यांची पाकिटं, काय काय आणि केव्हापासून विसरायला होतंय याची तारखांसकट टिपणं, हे सगळं त्या पिशवीत ठेवून पुढच्या भेटीला सोबत न्यावं.