‘बोट लागली’ म्हणण्यापूर्वी : इनबोर्ड इंजिनाच्या एक्झॉस्टची देखभाल

हिवाळा सुरू झाला की कतारमधील मराठी कुटुंबे समुद्राकडे वळतात. कोणी ढाऊने फेरी मारून येते, तर कोणी चार मित्रांत मिळून जुनी बोट विकत घेते. फेरीत एखाद्या मुलाचे डोके दुखू लागले, मळमळू लागले की आपण लगेच म्हणतो, ‘‘बोट लागली.’’ मग लिंबू चोखायला देऊन त्याला आत केबिनमध्ये झोपवतो. बहुतेक वेळा निदान बरोबर असते. परंतु कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली तरी सुरुवातीला हीच लक्षणे दिसतात, आणि तशा वेळी केबिनमध्ये झोपवणे जिवावर बेतू शकते. मी इंडस्ट्रियल एरियात, म्हणजे आपल्या सनायात, बोटींच्या इंजिनांचे काम करतो. त्या अनुभवातून काही माहिती येथे देत आहे.

धूर बाहेर कसा जातो?

इनबोर्ड इंजिन बोटीच्या पोटात, बंद जागेत असते. त्याचा तापलेला धूर थेट रबरी नळीत सोडला तर नळी जळेल. म्हणून इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी रायझरमध्ये किंवा मिक्सिंग एल्बोमध्ये धुरात मिसळतात. निवलेला धूर आणि पाणी नळीतून व सायलेन्सरमधून मागच्या बाजूने बाहेर पडतात.

रायझर बहुधा बिडाचा असतो. आत एका बाजूने शेकडो अंशांचा धूर आणि दुसऱ्या बाजूने खारे पाणी, त्यामुळे मधली भिंत आतून गंजत जाते. बाहेरचा रंग मात्र छान दिसतो. महासागराच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तर कतारभोवतीच्या आखातात ४० ग्रॅमच्याही वर. उन्हाळ्यात हे पाणी ३० अंशांपेक्षा अधिक तापते. त्यामुळे पुस्तकात दिलेली मुदत इथे शेवटची हद्द समजावी. भिंतीला भोक पडले की पाणी सिलिंडरमध्ये शिरते. सांधा सुटला किंवा नळी फाटली की धूर इंजिनच्या खोलीत आणि तेथून केबिनमध्ये जातो.

काय तपासावे?

१. प्रत्येक फेरीत : इंजिन सुरू होताच मागून धुराबरोबर पाणी पडते का, ते पाहावे. पाणी कमी आणि वाफ जास्त दिसली तर इंजिन बंद करावे. इंपेलरची पाती तुटलेली असण्याची किंवा एल्बो क्षारांनी व काजळीने तुंबलेला असण्याची शक्यता असते.

२. दर महिन्याला : रायझरच्या सांध्यावर गंजाचे ओघळ, मिठाचे पांढरे थर किंवा काजळी दिसते का, ते पाहावे. नळी मऊ पडली, फुगली किंवा तिला चिरा गेल्या तर बदलावी. नळी एक्झॉस्टसाठी बनवलेलीच हवी. मोटारीच्या रेडिएटरची चालत नाही. प्रत्येक टोकाला दोन स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा असाव्यात.

३. वर्षातून एकदा : इंपेलर बदलावा आणि रायझर किंवा एल्बो उतरवून आतून पाहावा. पापुद्रे निघत असतील, गॅस्केट बसण्याची जागा खाल्ली गेली असेल, तर रंग किंवा सिमेंट लावून भागवू नये. पेट्रोल इंजिनाचे बिडाचे रायझर खाऱ्या पाण्यात साधारण पाच-सहा वर्षांत बदलावे लागतात.

४. फेरीनंतर : इंजिन उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने गोड्या पाण्याने धुवावे.

५. इंजिन सुरू होत नसेल तर स्टार्टर सारखा मारत बसू नये. पंप पाणी ओढत राहतो, धुराचा जोर नसल्याने ते सायलेन्सरमध्ये साठते आणि शेवटी इंजिनात शिरते. समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा आणि इंजिन लागताच उघडावा.

खर्चाचा हिशेब

गॅस्केट, क्लिपा आणि इंपेलर हा किरकोळ खर्च आहे. रायझरचा खर्च जाणवतो खरा, परंतु पाणी शिरलेल्या इंजिनाच्या ओव्हरहॉलपुढे तो काहीच नाही. विम्यावरही फार विसंबू नये. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातसुद्धा, करारात वेगळे म्हटले नसेल तर, नेहमीच्या झिजेची भरपाई धरलेली नाही. इथल्या पॉलिसीतले झिजेविषयीचे कलम वाचूनच सही करावी. भागीदारीत बोट असेल तर पेट्रोलच्या पैशांबरोबर दुरुस्तीचीही मासिक वर्गणी ठेवावी. जुनी बोट घेताना रायझर कधी बदलला त्याचे बिल मागावे. बिल नसेल तर बदललाच नाही असे धरून किंमत ठरवावी.

जिवाचा प्रश्न

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. पेट्रोल इंजिनात तो फार तयार होतो, डिझेलमध्ये कमी. कोविडनंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आला आहे. या विषबाधेत मात्र तो फसवतो आणि आकडा चांगला दाखवतो.

एक्झॉस्ट निर्दोष असला तरी बोटीमागची जागा सुरक्षित नसते. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेतील लेक पॉवेल येथे हाउसबोटीच्या मागच्या फळीखाली जनरेटरचा धूर साठून तिथे पोहणारे दोन लहान भाऊ दगावले. म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मुलांना मागच्या फळीवर बसू देऊ नये आणि तिच्याजवळ पोहू देऊ नये. केबिनमध्ये बोटीसाठी बनवलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा.

एकाच वेळी दोघातिघांचे डोके दुखू लागले, किंवा केबिनमधल्यांनाच त्रास होऊन वर बसलेले ठणठणीत असले, तर बोट लागली असे समजू नये. सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, इंजिन बंद करावे आणि ९९९ वर फोन करावा. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात.

भाड्याच्या बोटीत बसणाऱ्यांनीही दोन गोष्टी विचाराव्यात : अलार्म आहे का, आणि एक्झॉस्ट शेवटचा कधी उघडला? विचारायला संकोच वाटू देऊ नये. चांगला नाखवा अशा प्रश्नाने रागावत नाही.