माजी सैनिक बिल विल्सन : व्यसनमुक्तीचा एक वाटाड्या



मद्यपानापासून अलिप्त राहण्याचे शील आपण वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. परंतु जो आधीच दारूच्या आहारी गेला आहे, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या आयुष्यातून शोधणाऱ्या एका माजी सैनिकाचे चरित्र येथे थोडक्यात पाहू.

बिल विल्सन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट होते. छावणीच्या दिवसांतच एका मेजवानीत त्यांनी पहिला पेला घेतला. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्यांनी पैसा व नाव मिळवले; दारूपायी दोन्ही गेले. पत्नी लोइस नोकरी करून घर चालवीत. टाउन्स रुग्णालयात ते चार वेळा दाखल झाले. दारूचे व्यसन हा निव्वळ दुर्गुण नसून आजार आहे, हे तेथील डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यांना पटवून दिले. डिसेंबर १९३४ मध्ये त्यांची दारू सुटली, ती कायमची.

त्यानंतर त्यांनी अनेक मद्यपींना समजावले. एकही सुधारला नाही. पण त्या धडपडीत ते स्वतः मात्र दारूपासून दूर राहिले. मे १९३५ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन शहरी धंद्यात अपयश आले. हॉटेलात एकटे असताना बार त्यांना खुणावू लागला. तिकडे न वळता त्यांनी टेलिफोन उचलला आणि एखाद्या मद्यपीची गाठ घालून देण्याची विनंती केली. अशा रीतीने शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांसाठी आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. कारण बिल यांनी उपदेश केला नाही, आपलीच कहाणी सांगितली. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या मद्यमुक्तीचा दिवस. तोच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो.

या चरित्रातून घ्यावयाचे बोध असे :

१. व्यसनी माणूस आजारी आहे. त्याला हिणवू नये, उपचारास न्यावे. जुनी दारू एकाएकी सोडताना डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे.

२. निश्चय आजच्या दिवसापुरता करावा, उद्याचा उद्या.

३. दुसऱ्यास हात देणारा स्वतःही सावरतो. या सभांना फी नसते व नाव गुप्त राहते. महाराष्ट्रातही त्या भरतात.

४. घरच्यांनाही आधार हवा. त्यासाठी लोइस यांनी १९५१ मध्ये ‘अल-अ‍ॅनॉन’ उभारण्यात पुढाकार घेतला.

बिल यांचे धूम्रपान मात्र दीर्घकाळ सुटले नाही. फुफ्फुसाच्या विकाराने २४ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. तंबाखूला किरकोळ समजणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

पगाराच्या दिवशी बँकेच्या दारात नवऱ्याची वाट पाहणाऱ्या भगिनी मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आपल्या वस्तीत दारू सोडलेला एखादा तरी बांधव असतो. व्यासपीठावरील दहा भाषणांपेक्षा त्याचे शेजारी बसून बोललेले चार शब्द अशा घराला अधिक उपयोगी पडतील. त्याला सन्मानाने पुढे आणणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.